ओट्यावरचा मायक्रोवेव्ह: निवड आणि वापर

आमटी कडेने उकळते आणि मधे गारच राहते. पोळी गरम होते, पण ताटात येईपर्यंत वातड होते. कालचा वडा मऊ पडतो. मायक्रोवेव्ह घरात आल्यावर थोड्याच दिवसांत या तक्रारी सुरू होतात आणि मग ते यंत्र चहा गरम करण्यापुरतं उरतं. या तक्रारींचं मूळ एकच आहे. हे यंत्र उष्णता कुठे आणि कशी निर्माण करतं, ते दुकानात आपल्याला कुणी सांगत नाही. तेवढं समजलं की कोणतं यंत्र घ्यावं, कोणतं भांडं चालेल, किती वेळ लावावा, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून सुरुवात यंत्राच्या आतून करू.

गॅसवर आधी भांडं तापतं आणि भांड्यामुळे अन्न तापतं. मायक्रोवेव्हमध्ये मॅग्नेट्रॉन नावाची नळी विजेपासून सूक्ष्मलहरी तयार करते. या लहरी रेडिओलहरींच्याच जातीच्या असतात. त्यांची लांबी साधारण १२ सेंटिमीटर आणि कंपनं सेकंदाला २४५ कोटी. पाण्याच्या रेणूचं एक टोक धनभारित आणि दुसरं ऋणभारित असतं. लहरीची दिशा पालटेल तसा हा रेणू वळायला बघतो, शेजारच्या रेणूंना धक्के देतो आणि त्यातून अन्न जिथल्या तिथे तापतं. लहरी काचेतून आणि चिनी मातीतून आरपार जातात, धातूवरून मात्र परततात.

लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटर खोलपर्यंतच जोरकसपणे पोचतात. त्याच्या आतला भाग शेजारच्या तापलेल्या भागाकडून हळूहळू उष्णता घेतो. त्यामुळे ‘मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो’ हा समज चुकीचा आहे. जाडजूड वस्तूचा मधला भाग इथेही सगळ्यात शेवटीच तापतो.

अन्न गरम करण्याची ही कल्पना रडारच्या कामातून आली. १९४५ साली अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर चालू मॅग्नेट्रॉनपाशी काम करत असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, आणि मग त्यांनी मक्याचे दाणे ठेवून पाहिले. १९४७ मध्ये विक्रीला आलेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचं होतं. घरच्या ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह बाजारात यायला १९६७ साल उजाडावं लागलं.

आता खरेदी. बाजारात तीन प्रकार मिळतात. ‘सोलो’मध्ये फक्त सूक्ष्मलहरी असतात. अन्न गरम करणं, उकडणं, शिजवणं, गोठलेलं सोडवणं ही कामं तो करतो. ‘ग्रिल’मध्ये वरच्या बाजूला तापणारी कांडी असते, तिच्यामुळे वरून खरपूसपणा येतो. ‘कन्व्हेक्शन’मध्ये तापवणारी कांडी आणि गरम हवा खेळवणारा पंखा असतो, म्हणून त्यात केक, नानकटाई, पाव भाजता येतात.

घरी महिन्यातून दोन-चार वेळा तरी भट्टीचे पदार्थ होणार असतील तर कन्व्हेक्शन जरूर घ्या. ‘पुढे-मागे केक करू’ एवढाच विचार असेल तर साधा सोलो पुरेसा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सोलो स्वस्त असतो, जागा कमी घेतो, पुसायला सोपा जातो आणि रोजची नव्वद टक्के कामं त्यात होतात. नुसता ग्रिलवाला मात्र शक्यतो टाळावा. त्याची कांडी वरचा पृष्ठभाग तेवढा लालसर करते, भट्टीचं काम तिच्याने होत नाही.

आकार लिटरमध्ये सांगतात. दोन-तीन माणसांच्या घराला २० लिटर पुरतो, चार-पाच माणसांना आणि केकच्या भांड्याला २८ ते ३२ लिटर लागतो. पण लिटरपेक्षा आत फिरणाऱ्या काचेच्या थाळीची रुंदी पाहणं जास्त उपयोगाचं. वीस लिटरच्या यंत्रात ती साधारण २४-२५ सेंटिमीटर असते, मोठ्यात ३१-३२. दुकानात जाण्याआधी घरातली नेहमीची ताटली आणि मोठा काचेचा बाउल टेपने मोजून घ्या. चौकोनी भांडं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजावं. ते फिरताना भिंतीला अडलं तर थाळी तिथेच अडखळते, आणि त्या भांड्याचा एक कोपरा उकळतो तर दुसरा गार राहतो.

यानंतर वॉट. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण यंत्रावर दोन आकडे असतात. एक इनपुट, म्हणजे ते किती वीज ओढतं. दुसरा आउटपुट, म्हणजे अन्नापर्यंत किती ताकद पोचते. वीस लिटरच्या सोलोचं आउटपुट बहुधा ७०० ते ८०० वॉट असतं, इनपुट मात्र ११००-१२०० च्या घरात. मोठ्यांचं आउटपुट ९०० वॉटपर्यंत जातं. पाककृतीतल्या वेळेशी संबंध फक्त आउटपुटचा. ९०० वॉटला तीन मिनिटं सांगितली असतील, तर आपल्या ७०० वॉटच्या यंत्रात पावणेचार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागणार. मागच्या पट्टीवरचा हा आकडा वाचून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती यंत्राच्या बाजूला चिकटवा.

पॉवर कमी करण्याची पद्धतही विचारून घ्या. साध्या यंत्रात मॅग्नेट्रॉन एकतर पूर्ण ताकदीने चालतो, नाहीतर बंद असतो. पॉवर निम्मी केली की तो काही सेकंद चालतो, काही सेकंद थांबतो. कान देऊन ऐकलं तर ‘खट्’ असा बारीक आवाज येतो आणि गुणगुण जाड होते, मग पुन्हा ‘खट्’ होऊन ती हलकी पडते. ‘इन्व्हर्टर’ प्रकारच्या मायक्रोवेव्हमध्ये ताकद खरोखरच सलग कमी होते, त्यामुळे लोणी वितळवणं किंवा मासे सोडवणं जास्त एकसारखं होतं. वीज गेल्यावर चालणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरशी याचा काही संबंध नाही, आणि त्या घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह लावूही नये.

गोल खटका की बटणं? घरात वयस्कर माणसं असतील तर खटका सोपा. फक्त तो दोन मिनिटांच्या आत नेमका लागत नाही. चाळीस सेकंद हवे असतील तर खटका आधी दोन मिनिटांच्या पुढे न्यावा आणि मग मागे आणावा. पापड आणि पोळी ही सेकंदांची कामं असल्याने मी स्वतः बटणांचं यंत्र पसंत करेन.

यंत्र घरी आलं की जागा ठरवा. मागे आणि बाजूंना वितभर, वर त्याहून थोडी जास्त मोकळी जागा हवी, नेमकं माप पुस्तिकेत असतं. गॅसच्या शेगडीला लागून किंवा सिंकच्या शिंतोड्यात ठेवू नका. त्याला मोठ्या तीन पिनांचा, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्या. मिक्सर, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह एकाच एक्स्टेन्शनवर लावले तर प्लग तापतो आणि हळूहळू काळा पडतो. कन्व्हेक्शनवाला तर दोन हजार वॉटच्या वर जाऊ शकतो. अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

आपल्याकडे नव्या वस्तूवर भरतकामाचं कापड घालायची हौस असते. यंत्र चालू असताना ते कापड काढलंच पाहिजे. गरम हवा बाहेर जाण्याच्या फटी त्याखाली झाकल्या जातात, मॅग्नेट्रॉन तापतो आणि यंत्र मधेच बंद पडतं. त्याच उबेला झुरळंही येतात, आतल्या सर्किटवर बसतात आणि दुरुस्तीचा खर्च काढतात. म्हणून यंत्राखालची आणि मागची जागा आठवड्याला पुसून काढावी.

आता भांडी. आपल्या घरात नव्वद टक्के भांडी स्टीलची, आणि नेमकी तीच इथे चालत नाहीत. धातूवरून लहरी परततात, म्हणून स्टीलच्या डब्यातली भाजी तापत नाही. टोकदार किंवा पातळ धातू असला, म्हणजे काट्याचमच्याचं टोक, अॅल्युमिनियमची फॉइल, कपाची सोनेरी किनार, की तिथे ठिणग्या उडतात. जाड बोरोसिलिकेट काच आणि बिनाकिनारीची चिनी माती उत्तम. कन्व्हेक्शनमध्ये फक्त गरम हवा चालू असताना केकचं धातूचं भांडं चालतं, पण सूक्ष्मलहरी आणि गरम हवा मिळून चालणाऱ्या ‘कॉम्बी’त ते पुस्तिका पाहिल्याशिवाय ठेवू नका.

प्लास्टिकच्या तळाला त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलिन असतं आणि बऱ्यापैकी उष्णता सोसतं. तरीही ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असं लिहिलेलं असेल तेवढंच वापरा. तेलकट रस्सा अशा डब्यात गरम करणं टाळा. पाणी शंभर अंशांवर थांबतं, तेल त्याच्याही पुढे तापतं आणि डब्याला आतून खड्डे पाडतं. डब्याच्या कडेला उरणारा न धुतला जाणारा तांबूस, खरखरीत पट्टा त्याचीच खूण. हॉटेलचं पार्सल काचेच्या भांड्यात काढून घ्यावं हे बरं. मेलामाइनच्या प्लेट तर अजिबात नकोत, त्या स्वतःच तापतात आणि तडकतात.

एखाद्या भांड्याबद्दल खात्री नसेल तर साधी परीक्षा आहे. धातूचा अंश नसलेलं ते रिकामं भांडं आत ठेवा, शेजारी पाण्याने भरलेला काचेचा कप ठेवा आणि पूर्ण पॉवरवर एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि भांडं गार, तर भांडं चालेल. भांडंच तापलं तर ते बाजूला काढा. पाण्याचा कप विसरू नका, कारण आत लहरी शोषणारं काहीच नसेल तर त्या मॅग्नेट्रॉनकडे परततात आणि त्याचं नुकसान करतात. म्हणूनच यंत्र रिकामं चालवू नये.

पहिल्या दिवशी आपल्या यंत्राची खरी ताकदही मोजून ठेवता येते. एक लिटर पाणी घ्या, थर्मामीटरने तापमान पाहा, पूर्ण पॉवरवर बरोबर दोन मिनिटं तापवा, लगेच ढवळून पुन्हा तापमान पाहा. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणलं की वॉट मिळतात. वीस अंश वाढले तर सातशे वॉट. भांडं आणि हवा थोडी उष्णता घेतात, म्हणून आकडा जरा कमीच येतो. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात हीच चाचणी सकाळ-संध्याकाळ करून पाहा. वेळ का कमी-जास्त लागतो, ते लगेच कळेल.

लहरी आत कशा वागतात हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पापडासारखं साधन नाही. थाळी काढून ठेवा, फिरणाऱ्या खुंटीला न टेकेल अशी सपाट काचेची ताटली उपडी घाला आणि तिच्यावर मोठा उडदाचा पापड ठेवा. शेजारी पाण्याची वाटी असू द्या. अर्ध्या मिनिटात पापडावर ठरावीक जागी पांढरे फोड उठतात, मधले पट्टे कच्चे पिवळे राहतात. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून काही जागी जोर धरतात आणि काही जागी विरतात. लहरीची लांबी १२ सेंटिमीटर, म्हणून जोराच्या दोन जागांत साधारण तिच्या निम्मं, सहा-एक सेंटिमीटर अंतर असतं. थाळी फिरते ती एवढ्यासाठीच. पण थाळीचा मधला बिंदू जागचा हलत नाही. म्हणून एकच वाटी असेल तर ती मध्यावर न ठेवता थोडी कडेला ठेवावी.

एवढ्यावरून गरम करण्याची रीत आपोआप ठरते. अन्न पसरट ठेवा, झाका, पॉवर जरा कमी घ्या, मधे ढवळा आणि शेवटी एक-दोन मिनिटं तसंच राहू द्या. हा शेवटचा थांबा सगळ्यात जास्त वगळला जातो. यंत्र वाजतं आणि आपण लगेच जेवायला बसतो. त्या दोन मिनिटांत कडेची उष्णता मध्यापर्यंत जाते, तो शिजण्याचाच भाग आहे. पुस्तिकेत ‘स्टँडिंग टाइम’ म्हणतात तो हाच.

भातावर एक-दोन चमचे पाणी शिंपडा, ताटलीत पसरून मधे खळगा करा आणि झाकून दीड-दोन मिनिटं ठेवा. वाफेवर शितं पुन्हा मऊ होतात. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र गरम करून सुरक्षित होत नाही. त्यात वाढणारे काही जिवाणू असं विष तयार करतात की ते पुन्हा तापवल्यावरही टिकतं. उरलेला भात लवकर फ्रिजमध्ये ठेवावा आणि वाफा येईपर्यंत कडकडीत गरम करूनच खावा. साबुदाण्याची खिचडी इथे फार छान परतते. थोडा पाण्याचा हबका, झाकण आणि एक मिनिट, की टणक झालेला दाणा पुन्हा लुसलुशीत.

आमटी, कढी, रस्सा मधे एकदा थांबवून तळापासून ढवळा. पिठलं आणि घट्ट उसळ आतून उडते, म्हणून सैल झाकण हवंच, पण घट्ट लावलेलं झाकण नको. दूध उंच भांड्यात, अर्ध्यापर्यंतच भरून आणि समोर उभं राहून गरम करावं. तान्ह्या बाळाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये. बाटली हाताला कोमट लागते आणि आतल्या दुधाचा एखादा भाग तोंड पोळण्याइतका तापलेला असतो.

पोळी ओलसर रुमालात गुंडाळून दहा-पंधरा सेकंद, त्याहून जास्त नाही, आणि लगेच खायची. जास्त वेळ ठेवली तर पाणी वाफ होऊन निघून जातं आणि थंड होताना पीठ आखडतं. चार-सहा पोळ्या असतील तर तवाच बरा. वडे, भजी, समोसे यांचं उलट होतं. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं आणि यंत्रातली हवा गार असल्याने ती वाफ कुरकुरीत कवचात मुरते. त्यांना तवा, ग्रिल किंवा कन्व्हेक्शन हवा. पाण्याचा अंश असेपर्यंत अन्न शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणूनच सोलोमध्ये भरताचं वांगं शिजतं, पण भाजलं जात नाही. धुरकट वास हवा असेल तर वांगं गॅसवरच जाऊ द्या.

काही कामांत मात्र हे यंत्र गॅसलाही मागे टाकतं. पापड चाळीस ते साठ सेकंदांत तेलाविना भाजतो, अर्ध्या वेळेनंतर तो उलटा. दाण्याच्या कुटासाठी वाटीभर शेंगदाणे पसरट काचेच्या भांड्यात घ्या, दर मिनिटाला हलवा, एकूण तीन-चार मिनिटं पुरतात. इथे एक नेहमीची चूक होते. दाणा लहान असल्याने लहरी त्याच्या आरपार जातात, आणि बाहेरची हवा गार असल्याने साल फिकंच दिसतं. त्याला रंग येण्याची वाट पाहिली तर दाणा आतून करपलेला असतो. खमंग वास सुटला की थांबा, एक दाणा गार करून मधोमध फोडा, आतली कड बदामी झाली असेल तर झालं. बाहेर काढल्यावरही दाणे थोडे भाजले जातच राहतात. दोन बटाटे उकडायचे तर काट्याने टोचे मारून, चमचाभर पाण्यासह झाकून, पाच-सहा मिनिटं. टोचे न मारता ठेवलेला बटाटा किंवा वांगं फुटतं. सालीसकट अंडं तर कधीच ठेवू नये, ते बाहेर काढल्यावर हातातही फुटू शकतं.

गोठलेले मासे किंवा मटण सोडवताना घाई नडते. बर्फात पाण्याचे रेणू जखडलेले असतात, म्हणून बर्फ लहरी फारच कमी शोषतो. एक कोपरा वितळला की सगळा जोर तिथल्या पाण्यावर जातो, तो कोपरा शिजायला लागतो आणि मधे दगड तसाच. ‘डीफ्रॉस्ट’ किंवा तीस टक्के पॉवर घ्या, सुटतील तसे तुकडे वेगळे करा, उलटा, आणि मध्यावर थोडा बर्फ असतानाच थांबून दहा मिनिटं बाहेर ठेवा. सोडवलेलं मांस लगेच शिजवावं.

दोन गोष्टींत खरा धोका आहे. गुळगुळीत नव्या कपात पाणी तापवलं तर ते उकळीच्या पुढे जाऊनही शांत दिसू शकतं, कारण बुडबुडे धरायला कपात कुठे खरबरीत जागा नसते. त्यात कॉफी किंवा साखर पडताच सगळं पाणी उसळून हातावर येतं. कपात आइस्क्रीमची लाकडी काडी ठेवा, गरजेपेक्षा जास्त वेळ लावू नका आणि बाहेर काढण्याआधी अर्धा मिनिट थांबा. दुसरी गोष्ट फोडणी. तेल शंभर अंशांवर थांबत नाही, किती तापलं ते दिसत नाही आणि काच तडकू शकते. फोडणी गॅसवरच करावी. आत काही पेटलंच तर दार उघडू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, हवा न मिळाल्याने आग विझते.

दारासमोर उभं राहायची भीती मात्र बाळगू नये. दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असतात, बारा सेंटिमीटरची लहर त्यातून निसटत नाही. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद पडतो आणि अन्नात लहरी शिल्लक राहत नाहीत. दार वाकलं असेल, नीट बसत नसेल किंवा जाळीला तडा गेला असेल, तर दुरुस्तीपर्यंत यंत्र वापरू नका.

सफाईसाठी वाटीभर पाण्यात लिंबाची फोड टाकून चार मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार न उघडता थांबा आणि ओल्या फडक्याने पुसा. आत एका भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा तुकडा असतो. लहरी तिथूनच आत येतात. तो फाडून काढू नका, पण त्याच्यावर तेलाचे शिंतोडे राहू देऊ नका. शिंतोडे करपून काळे झाले की तिथेच ठिणग्या उडतात. अशा वेळी बहुधा तो तुकडा बदलला की काम भागतं. यंत्र गेलं असं समजून नवं घ्यायची घाई करू नये.

दिवा लागतो, थाळी फिरते, पण अन्न गारच राहतं, असं झालं तर बिघाड बहुधा उच्च दाबाच्या भागात असतो. घरी मागचं झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यात, प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब राहू शकतो. कारागीर आला की आधी व्होल्टेज, मग डायोड, कपॅसिटर आणि शेवटी मॅग्नेट्रॉन तपासायला सांगा. मॅग्नेट्रॉनची हमी पुष्कळदा बाकी यंत्रापेक्षा जास्त वर्षांची असते, तेव्हा खरेदीची पावती शोधून ठेवा आणि बदललेला जुना भाग मागून घ्या.